हजेरीच्या मशीनला एकच केबल द्या, अडॅप्टर हद्दपार करा

केबलपंथी

हजेरीचं मशीन ‘बिघडलं’ अशी तक्रार आली की मी आधी मशीनच्या मागे हात घालतो. दर वेळी तेच सापडतं: अर्धवट बसलेली अडॅप्टरची पिन, क्लिप तुटलेला आरजे-४५ (लॅन केबलचा प्लग), इन्सुलेशन टेपचा एक काळा गोळा, आणि एक्स्टेंशन बोर्डावर लोंबकळणारा अडॅप्टर. त्या बोर्डावर कुणी फोन चार्ज करतं, कुणी पंखा लावतं. अडॅप्टर काढला जातो आणि परत लावायचा राहतो. मशीन गप्प. मग सेवा केंद्राला फोन, ‘मशीन बदलून द्या’चा घोषा.

माझं म्हणणं सरळ आहे. मशीनला एकच केबल जावी, लॅनची, आणि वीजही तिच्यातूनच यावी. पीओई. त्याचं ८०२.३एएफ हे मानक २००३ सालचं आहे, म्हणजे हे काही नवं फॅड नव्हे. केबल जिथून निघते त्या नेटवर्क स्विचच्या टोकाला १५.४ वॅट, केबलमधली घट धरून मशीनला १२.९५ वॅट. बोट किंवा कार्ड वाचणाऱ्या साध्या मशीनला एवढं पुष्कळ झालं. स्विच यूपीएसवर ठेवला की वीज गेली तरी सगळ्या गेटांवरची मशीनं चालू राहतात. गेटागेटावर सॉकेट शोधत फिरायला नको.

आणि हो, वायफायवर हजेरी चालवणाऱ्यांनी आपापली बाजू मांडावी. मला ती पटणार नाही, पण मांडावी.

पगारपत्रक

मांडतो. मी पगार काढणाऱ्या टेबलावर बसतो, त्यामुळे मशीनचे भोग मलाही भोगावे लागतात.

मशीन स्वतःच्या मेमरीत नोंदी साठवतं. बोट किंवा कार्ड लावून पंच करताना नेटवर्क असलंच पाहिजे असं नाही. चार तास वायफाय गेलं तरी एकही पंच हरवत नाही, जोडणी आली की नोंदी सर्व्हरवर जातात. आणि अगदीच झालं तर पेनड्राइव्ह लावून उतरवून घेता येतात. मग भाड्याच्या जागेत भिंती फोडून, पट्टी मारून केबल ओढायची कशाला? खरा प्रश्न विजेचा आहे, आणि त्यावर अडॅप्टर आणि मशीन यांच्यामध्ये बसणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस हा साधा उपाय आहे.

केबलपंथी

नोंद राहते हे मान्य. पण कुठल्या वेळेची? मशीनमधलं घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं. त्यात दहा लाखांत २० भागांची चूक धरली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला ५० सेकंदांच्या आसपास. सहा महिने वेळ जुळवली नाही तर पाच मिनिटं गेली. दोन गेटांवरची दोन मशीनं उलट्या दिशांनी सरकली तर विचारूच नका. त्यात आतला बटणसेल मेलेला असेल तर वीज जाऊन आली की मशीन थेट २००० सालच्या १ जानेवारीला जाऊन बसतं. त्या तारखेचे पंच तुम्ही कुणाच्या पगारात धरणार?

पगारपत्रक

अहो, वेळ जुळवणारं एनटीपी वायफायवरूनही चालतं की! दिवसातून एकदा जोडलं गेलं तरी पुरे. आणि बटणसेल मेला तर तुमची लॅन केबल त्याला जिवंत करणार आहे का?

केबलपंथी

हा मुद्दा तुमचा. घ्या.

चुंबक

मी दारांची कामं करतो. ‘एकच केबल’ ही घोषणा ऐकली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण ती वाचून लोक पुढे काय करतात ते मला निस्तरावं लागतं.

हजेरीच्या मशीनला दाराचं चुंबकी लॉक जोडायचं असतं. लॅन केबलमध्ये दोन जोड्या रिकाम्या दिसतात. मग कुणीतरी हुशार माणूस लॉकची वीज त्या जोडीतूनच नेतो. आता हिशेब करा. त्या केबलची एक तार २४ गेजची, किलोमीटरला सुमारे ८४ ओहम. लॉक ३० मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर, रोध ५ ओहम. लॉक अर्धा अँपिअर खातं. दोन-अडीच व्होल्ट तारेतच संपले. १२ च्या जागी लॉकला मिळाले साडेनऊ-दहा. चुंबकाची पकड ढिली, जरा हिसका दिला की दार उघडतं, आणि शिव्या खातो लॉकवाला. हेच १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने नेलं तर घट अर्ध्या व्होल्टच्या आसपास. म्हणून लॉकला स्वतःचा पॉवर सप्लाय, स्वतःची जाड वायर. मशीनचा रिले फक्त मधला स्विच म्हणून वापरायचा.

दुसरं, डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग. लॉकची कॉइल बंद होताना उलटा झटका मारते. तो मशीनच्या रिलेचे संपर्क हळूहळू जाळतो, कधी मशीनच हँग करतो. ‘दार उघडलं की मशीन रीस्टार्ट होतं’ ही तक्रार आली की मी आधी १एन४००७ डायोड लावलाय का ते बघतो. लॉकच्या दोन टोकांवर लावायचा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. उलटा लावलात तर सप्लाय सरळ शॉर्ट. काही लॉकमध्ये हे संरक्षण आतच असतं, पत्रक बघून घ्या. एवढ्याशा वस्तूवाचून कितीजण मशीन पाठवत बसतात!

तिसरं आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठं: चुंबकी लॉक रिलेच्या कॉमन आणि एनसी (एरवी जोडलेला संपर्क) यांमधून जोडा. वीज आहे तोवर ते धरतं, गेली की सोडतं. वीज गेल्यावर बंदच राहणारं स्ट्राइक लॉक असेल तर कॉमन आणि एनओ (एरवी तुटलेला संपर्क). आणि आगीच्या अलार्मचा संपर्क थेट चुंबकी लॉकच्या पुरवठ्यात मालिकेत टाका. मशीनच्या सॉफ्टवेअरवर ते सोडायचं नाही. धूर झाल्यावर मशीन ‘कृपया बोट पुन्हा ठेवा’ म्हणत बसेल.

केबलपंथी

लॉकची वीज लॅनमधून न्या असं मी कुठे म्हटलं? मशीनपुरतंच बोललो होतो.

चुंबक

शीर्षक ‘एकच केबल’ आहे साहेब. लोक शीर्षक वाचतात आणि पान्हा उचलतात.

रात्रपाळी

तुम्ही सगळे व्होल्ट मोजताय. मी मशीनसमोर उभा राहणारा माणूस आहे.

मशीन बंद असलं की ‘पंच नाही म्हणजे हजेरी नाही’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. वायर सैल तुमची, अर्धा दिवस कापला जातो माझा. पहाटे पाळी सुटताना मशीनवर तीन लाल ठिपके लुकलुकत असतात आणि त्याचा अर्थ सांगायला कुणी जागं नसतं. वायफाय असो, पीओई असो, मला फरक पडत नाही. पंच झाला की पडद्यावर माझं नाव आणि वेळ दिसू दे, आणि शेजारी दोरीला बांधलेली वही असू दे. मशीन बंद असताना वहीतली सही ग्राह्य धरायची, हे आधी लेखी ठरू दे. केबलचं नंतर बघा.

पगारपत्रक

वहीला माझा पूर्ण पाठिंबा, पण वही भरताना मागून चार जणांच्या सह्या एकाच अक्षरात येतात, तेही मीच बघतो.

रात्रपाळी

मग वहीवर पाळीप्रमुखाची सही घ्या. त्याचा पगार त्यासाठीच आहे ना?

फायरवॉलकाकू

मला केबलपंथींचंही पटत नाही आणि चुंबक यांचंही अर्धंच पटतं.

दाराबाहेरच्या भिंतीवर लॅनचा जिवंत पॉइंट ठेवताय तुम्ही. मशीन चार स्क्रूंवर टांगलेलं. रात्री कुणी ते उतरवलं आणि ती केबल लॅपटॉपला लावली की तो माणूस तुमच्या आतल्या नेटवर्कमध्ये. हजेरीच्या मशीनांसाठी वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) आणि त्या पोर्टवर अनोळखी उपकरणाला मज्जाव, एवढं केल्याशिवाय बाहेरच्या बाजूला केबल काढूच नये.

आता चुंबक यांचा रिले. मशीन बाहेर आणि लॉकचा रिलेही त्याच मशीनमध्ये, म्हणजे कुलूप बाहेर आणि किल्लीही बाहेर. एनसीवाली वायर कापली की चुंबक सुटलं. एनओवाल्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या की स्ट्राइक उघडलं. बोटबिट काही लागत नाही. मशीन उतरवलं की इशारा देणारा मागचा टॅम्पर स्विच जोडलेला मी फार थोड्या ठिकाणी बघितला आहे. बाहेर फक्त कार्ड वाचणारा रीडर ठेवा, दार उघडायचं ठरवणारा कंट्रोलर आणि रिले आत.

चुंबक

काकू, इथे मी तुमच्या बाजूने. बाहेर रीडर, मधे वीगंड (रीडरकडून कार्डाचा नंबर आत नेणारी तारांची जोडणी), आत कंट्रोलर, हे मीही सुचवतो. गिऱ्हाईक म्हणतं ‘दोन डबे कशाला?’

फायरवॉलकाकू

पण वीगंडही उघडंच बोलतं. हिरवी तार शून्य सांगते, पांढरी एक सांगते, मधे कसलंही कूट नाही. ज्याने त्या दोन तारांवर कान लावला त्याला कार्डाचा नंबर मिळाला. नवं काम असेल तर आरएस-४८५ च्या दोन तारांवरून ओएसडीपी (रीडर आणि कंट्रोलर यांची नवी बोली) घ्या, त्यात कूटबद्ध संवादाची सोय आहे. फक्त ती सुरू करायला विसरू नका!

जुना तारतंत्री

अखेर कुणीतरी आरएस-४८५ चं नाव काढलं. पीओईचे १०० मीटर संपले की सगळे माझ्याच दारात येतात. दोन तारांची पिळलेली जोडी आणि १२०० मीटरपर्यंत पोच, फक्त वेग मर्यादेत ठेवायचा. मशीनं माळेसारखी एकापुढे एक जोडायची, चांदणीसारखे फाटे फोडायचे नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या टोकाला १२० ओहमचा रोध लावायचा, मधल्यांना नाही. एकदा सहाच्या सहा मशीनांवर कुणीतरी उत्साहाने रोध लावून ठेवले होते. लाइन आजारी, आम्ही हैराण.

एक खोड मात्र आहे. ‘ए’ आणि ‘बी’ ही नावं सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत. मशीन बोललं नाही तर शिव्या देण्याआधी दोन तारा अदलाबदल करून बघा. मी माझ्या उमेदीतला एक पूर्ण दिवस यात घालवलाय.

नवखा

प्रश्न विचारू का? मशीनवर लॅनचं भोक आहे. एक पीओई इंजेक्टर (लॅन केबलमध्ये वीज घालणारा डबा) पडून होता, त्यावर २४ व्होल्ट लिहिलंय. लावू?

केबलपंथी

थांबा! हात काढा!

लॅनचं भोक आहे म्हणजे पीओई आहे असं नाही. मानकातला पीओई स्विच आधी चौकशी करतो: समोर सुमारे २५ किलोओहमची ओळख दिसली तरच वीज सोडतो. म्हणून साधं मशीन त्याला लावलं तरी काही होत नाही. तुमचा २४ व्होल्टचा इंजेक्टर ‘पॅसिव्ह’ दिसतोय. तो चौकशी न करता वीज ढकलतो, मशीन जळू शकतं. मशीनच्या लेबलवर पीओई लिहिलं नसेल तर मानक पीओई स्विच आणि मशीनजवळ केबलमधली वीज वेगळी काढून १२ व्होल्ट देणारा स्प्लिटर घ्या. स्प्लिटरची पिन मशीनच्या जॅकच्या मापाची आणि ध्रुवतेची आहे ना, हे मल्टिमीटरने बघा.

आणि केबल अस्सल तांब्याची घ्या. ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल हलकी लागते, रोध जास्त, टोकं ठिसूळ. कॅट-५ई, कॅट-६ च्या मानकात ती बसतच नाही, मग वेष्टनावर काहीही छापलेलं असो.

पगारपत्रक

म्हणजे बघा, ‘एकच केबल’ म्हणता म्हणता स्प्लिटर आला, लॉकचा वेगळा सप्लाय आला, व्हीलॅन आला. आणि तो एक स्विच गेला की पाचही गेटं एकदम आंधळी! माझा अडॅप्टर गेला तर एकच गेट जातं.

केबलपंथी

स्विच जातो किती वेळा आणि अडॅप्टर जातो किती वेळा?

पगारपत्रक

किती वेळा जातो ते मोजू नका, गेला तर काय होतं ते बघा. महिनाअखेरीस स्विच गेला तर रविवारी मी टेबलावर असतो, तुम्ही नाही.

केबलपंथी

बरं, गेटं दोन स्विचवर विभागून देतो. एक जादा स्विच कपाटात ठेवतो. पण अडॅप्टरला परत आणणार नाही.

चुंबक

भांडताय तर एक राहिलेली गोष्ट. रीडरला एक सप्लाय आणि कंट्रोलरला दुसरा दिलात आणि मधे वीगंड असेल तर दोन्हींचे निगेटिव्ह एकमेकांना जोडा. नाहीतर कार्ड दाखवलं की रीडर ‘बीप’ करतो आणि कंट्रोलरला पत्ताच नसतो. पॉझिटिव्ह मात्र जोडायचे नाहीत. रिलेच्या कोरड्या (स्वतःची वीज नसलेल्या) संपर्कावरच्या लॉकला ही भानगड लागत नाही. आणि पाळीचा भोंगा जोडणार असाल तर मेनच्या विजेचा भोंगा मशीनच्या रिलेला थेट लावू नका, मधे वेगळा रिले किंवा कॉन्टॅक्टर (मोठा रिले) घ्या. तिथे डायोड चालत नाही, एसीला स्नबर (झटका शोषणारा भाग) लागतो.

रात्रपाळी

आमच्या गेटवरचं मशीन आत्ता बंद आहे. धागा वाचून मागे हात घातला. अडॅप्टर काढून ठेवलाय, सॉकेटवर फोन चार्ज होतोय. फोन पाळीप्रमुखांचा.

पगारपत्रक

वहीत नाव लिहा आणि सॉकेटचा फोटो काढून ठेवा. उद्या अडॅप्टर झाकणाच्या बॉक्समध्ये टाकून स्क्रू मारायला सांगतो. वायफाय मात्र मी सोडणार नाही.