मदत हवी आहे: साध्या हवेवर ५५ मीटरचा डाईव्ह, भाच्याला कसं समजावू?

नीलजा, पुणे

नमस्कार मंडळी,

४० मीटरच्या खाली डायव्हिंग केलेलं इथे कुणी असेल तर कृपया सविस्तर वाचा. तिकिटं काढायची वेळ जवळ आली आहे, म्हणून धागा काढतेय.

माझा भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. आम्ही दोघं बरीच वर्षं एकत्र डायव्हिंग करतो, बहुतेक वेळा एकमेकांचे बडी (पाण्याखाली एकमेकांवर लक्ष ठेवणारे जोडीदार) म्हणून. दोघांचाही डीप कोर्स झालाय, म्हणजे ४० मीटरपर्यंतचं प्रशिक्षण आहे. आता तो आणि त्याचे ऑफिसातले दोन मित्र इजिप्तला दहबला निघालेत. तिथल्या ब्लू होल नावाच्या समुद्रातल्या खोल विवरातली कमान पोहून पार करायची असं त्यांचं ठरलंय. कमानीचा माथा साधारण ५५ मीटरवर, लांबी पंचवीसेक मीटर, पलीकडे थेट मोकळा समुद्र. आणि हे सगळं पाठीवरच्या एका सिलिंडरवर, साध्या हवेवर. "मावशी, तूच माझी बडी" असं त्याने परस्पर घरी सांगूनही टाकलंय. मी बरोबर असणार म्हणून ताई निर्धास्त आहे.

मी हा डाईव्ह करणार नाही, हे पक्कं आहे. पण मी नाही म्हटलं तर तो थांबेल असं नाही, दुसरा बडी शोधेल. त्याला रागावून उपयोग नाही. मुलगा हुशार आहे, आकड्यांचं ऐकतो. म्हणून मला आकडे पक्के करून हवे आहेत.

त्याचं म्हणणं असं: हवेत २१ टक्के ऑक्सिजन. ५५ मीटरवर दाब साडेसहा बार, म्हणजे ऑक्सिजनचा आंशिक दाब १.३७ च्या आसपास. मर्यादा १.४ ची (त्यापुढे ऑक्सिजनच बाधून झटका येण्याचा धोका वाढतो), ती ५७ मीटरला येते. मग अडचण काय? शिवाय फ्रान्समध्ये ६० मीटरपर्यंत हवेवर जातात, ब्रिटिशांच्या बीएसॅक या डायव्हिंग संघटनेत ५० पर्यंत. आणि नार्कोसिसचं, म्हणजे खोलवर नायट्रोजनमुळे येणाऱ्या गुंगीचं म्हणाल तर "सवयीने जातो".

शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. डीप कोर्समध्ये ३६-३७ मीटरवर मी त्याला खुणेने सिलिंडरमधला दाब विचारला. त्याने गेज हातात धरलं, नीट पाहिलं आणि बोटांनी मला खोली सांगितली. मी पुन्हा विचारलं, पुन्हा खोलीच. चेहरा अगदी शांत, वर ओके ची खूण. पाच-सहा मीटर वर आल्यावर दाब बरोबर दाखवला. वर बोटीत विचारलं तर म्हणाला, "मला काहीच झालं नव्हतं." खोटं बोलत नव्हता तो, त्याला खरंच तसं वाटलं होतं.

आता हवेचं गणित. हे कुणीतरी तपासून द्या. सिलिंडर ११ लिटरचं, २०० बार भरलेलं, म्हणजे २२०० लिटर. ५५ मीटरवर एकाचं सिलिंडर बंद पडलं आणि दोघं एकाच सिलिंडरवर वर येतायत असं धरलं. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला ३० लिटर ओढतो असं धरा, दोघांचे ६०. खाली सावरायला एक मिनिट: ३९० लिटर. मिनिटाला ९ मीटरने पाच मीटरपर्यंत येणं: साधारण १३२०. तिथे तीन मिनिटांचा थांबा: २७०. बेरीज १९८० लिटर, म्हणजे १८० बार! मग डाईव्हला उरले २० बार. तेवढ्यात तर खाली पोचताही येत नाही. यात डिकम्प्रेशनचे थांबे, म्हणजे अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून वर येताना घ्यावे लागणारे थांबे, मी धरलेलेच नाहीत. ४० मीटरलाच थांब्याशिवाय आठ-दहा मिनिटं मिळतात, ५५ ला काय मिळणार?

माझं काही चुकतंय का? ऑक्सिजनचा आकडा मर्यादेत असताना आणखी काय आडवं येतं? आणि एक वेगळा प्रश्न: सरावासाठी हे लोक कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर जाणार आहेत. दुपारी शेवटचा डाईव्ह करून रात्रीच गाडीने पुण्याला निघायचं म्हणतात. घाट चढण्याचा धोका किती?

खोलपाणी

ताई, गणित बरोबर आहे. मिनिटाला ३० ऐवजी २० लिटर धरले तरी १२० बार राखीव ठेवावे लागतात. त्या कमानीत एका सिलिंडरवर जाणाऱ्याकडे बडीसाठी हवाच नसते.

भाच्याने ऑक्सिजनचा हिशेब केला, तो बरोबरच आहे. राहिली ती वायूची घनता. गॅव्हिन अँथनी आणि सायमन मिचेल यांनी २०१६ मध्ये मांडलेली मर्यादा अशी: शक्यतो लिटरला ५.२ ग्रॅमपर्यंत, फार तर ६.२. साधी हवा ५.२ ला पोचते ३१ मीटरच्या आसपास आणि ६.२ ला ३९ मीटरवर. ५५ मीटरवर ती ८.४ ग्रॅम होते. इतकी दाट हवा फुप्फुसांतून पुरेशी आत-बाहेर होत नाही, मग कार्बन डायऑक्साइड साठतो. माणूस धापा टाकतो, पण धापांनी तो बाहेर पडत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड स्वतःच गुंगी आणतो, भीती वाढवतो आणि ऑक्सिजनमुळे झटका येण्याची शक्यताही वाढवतो. म्हणून १.३७ हा आकडा शांत बसलेल्या माणसाला ठीक. प्रवाहाविरुद्ध पाय मारणाऱ्याला त्यावर विसंबता येत नाही.

सवयीबद्दल: सवय होते ती वाटण्याची. गुंगी कमी वाटते, पण चुका फारशा कमी होत नाहीत. तुम्ही पाहिलंत ते तेच. १९४७ मध्ये फ्रेंच समुद्रसंशोधक कूस्तोंच्या चमूतला मोरिस फार्ग तूलाँजवळ हवेवर खाली गेला. दोरीला ठरावीक खोलीवर पाट्या बांधल्या होत्या, पोचलो याची सही करायला. १२० मीटरच्या पाटीवर त्याची वेडीवाकडी सही सापडली, तो मात्र मेलेलाच वर आला. त्या काळातला कसलेला पाणबुड्या होता तो.

फ्रान्सबद्दल: तिथे ६० मीटर ही टप्प्याटप्प्याने शिकून गाठायची शेवटची मर्यादा आहे. नवख्याला तिथे कुणी नेत नाही.

कमानीची आणखी एक गोष्ट त्याला जरूर सांगा. पलीकडून येणाऱ्या निळ्या उजेडामुळे ती आहे त्यापेक्षा जवळ आणि आखूड वाटते. गुंगीत ती सापडली नाही म्हणून माणसं शोधत शोधत आणखी खाली गेली आहेत. किनाऱ्यावरच्या खडकावर त्यांच्या नावांच्या पाट्या लावलेल्या आहेत. तिथे गेल्यावर त्याने त्या आधी वाचाव्यात.

घाटवाट

घाटाबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे हे कुणी फारसं मनावर घेत नाही. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून डाईव्हनंतर विमानात बसण्याआधी किती थांबायचं हा नियम सगळ्यांना पाठ असतो: एकच डाईव्ह असेल तर १२ तास, अनेक असतील तर १८, डिकम्प्रेशनचे थांबे घेतले असतील तर त्याहून बरेच जास्त, साधारण २४ धरतात. तो नियम ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी आहे. पुणं स्वतःच साडेपाचशेवर, बेळगाव साडेसातशेच्या आसपास, कोकणातून आंबोलीने आलात तर तेही सातशेच्या घरात. म्हणजे किनाऱ्यावरून निघून तीन-चार तासांत तुम्ही त्या हद्दीत असता. आम्ही मुक्काम करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १८ तास भरल्यावरच निघतो. एका रात्रीचं लॉजचं भाडं जातं, बाकी काही नाही.

आणि परतीच्या वाटेवर खांदा, कोपर, गुडघा दुखायला लागला तर गाडी चालवून दुखतंय असं म्हणून आयोडेक्स चोळत बसू नका. शंभर टक्के ऑक्सिजन द्यायचा, पाणी पाजायचं आणि डायव्हिंग समजणाऱ्या डॉक्टरला लगेच फोन करायचा. उपचार दाबकक्षात (जास्त दाबाखाली ऑक्सिजन देण्याच्या बंद खोलीत) होतात, तो प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात नसतो. निघण्याआधीच जवळचा कुठे आहे ते विचारून ठेवा आणि डायव्हिंगचा विमा काढा.

खोलपाणी

एक राहिलं. नुसतं "नको" म्हणू नका, रस्ताही दाखवा. ट्रायमिक्स, म्हणजे ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियमच्या मिश्रणावरचं डायव्हिंग, शिकायला सांगा. १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम असं मिश्रण घेतलं तर त्याच ५५ मीटरवर घनता ५.२ ग्रॅम, ऑक्सिजन १.१७ आणि गुंगी साधारण २६ मीटरवर असते तेवढी. हेलियम महाग आहे आणि शिकायला वेळ लागतो. जुळी सिलिंडरं, डिकम्प्रेशनसाठी वेगळं सिलिंडर, थांबे पाळण्याचा सराव, सगळं आलं. पण कमान कुठे पळून जात नाही.

नीलजा, पुणे

दोघांचेही मनापासून आभार. घनतेचा मुद्दा मला माहीतच नव्हता, आणि त्याला पटेल तो हाच. रविवारी तो जेवायला येतोय, तेव्हा सगळं गणित त्याच्याच हाताने मांडून घेणार आहे, ताईसमोर. नेत्राणीहून एक मुक्काम करून निघायचं हे मी आत्ताच त्याच्या मित्रांना कळवलंय, दोघांनी मान्यही केलंय.

दहबला जायचंच असेल तर ३० मीटरच्या आत तिथे पाहण्यासारखं भरपूर आहे, त्याला मी आनंदाने बडी होईन. पुण्यातल्या एखाद्या पूलमध्ये जुळ्या सिलिंडरचा सराव कुणी केला असेल तर मला व्यनि करा. किती खोल पूल लागतो आणि पूलवाले परवानगी देतात का, एवढंच विचारायचं आहे.