'तारक मेहता का उल्टा चश्मा' मालिकेचे जुने भाग तुमच्या घरी कसे बघितले जायचे? अनुभव येऊद्यात

पाचपाखाडीकर:
काल रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर तारक मेहताचा 2008 सालचा एक भाग लावला आणि चार कधी झाले कळलंच नाही. नवीन लागलं की मी रिमोट शोधतो, जुनं मात्र कुठूनही लावा, बसतोच. माझी आठवण आधी सांगतो. बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, पगार शून्य शिव्या भरपूर, त्यामुळे मालिकेतला सेक्रेटरी भिडे सोसायटीतल्या पोरांवर, टप्पूसेनेवर, डाफरायला लागला की आम्ही हसून लोळायचो आणि बाबा एकदम गंभीरपणे, 'बरोबर बोलतोय तो.' त्यात विनोदी काय हेच त्यांना कळायचं नाही. आमची बजाजची स्कूटर पण होती, तिला भिडेच्या स्कूटरसारखं सखाराम म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही.

नेरुळची सून:
अगदी! लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांशी बोलायला विषयच नसायचा. साडेआठला हाक यायची, 'सूनबाई, लागलं गं', मग मी पोळपाट लाटणं हॉलमध्येच घेऊन बसायचे. चंपकलाल आपल्या मुलाला, जेठालालला, झापायला लागले की सासरे हळूच माझ्या नवऱ्याकडे बघायचे. 2017 ला जेठालालची बायको दया दिसेनाशी झाली, त्यानंतर साडेआठला घरात बातम्या.

कळव्याची पोर:
आमच्याकडे नेमकी तेव्हाच लाईट जायची. मग दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रीण पूर्ण भाग ॲक्टिंगसकट करून दाखवायची, खरं सांगू का, तिची दया जास्त भारी होती.

सेक्टर पंधरा, कोपरखैरणे:
थोडं वेगळं बोलतो, रागावू नका. नुसतं लहानपण म्हणून गोड लागतं असं नाहीये. मुळात ते लेखक तारक मेहतांचं गुजराती 'चित्रलेखा' साप्ताहिकातलं सदर, 1971 पासूनचं, म्हणजे दर आठवड्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांची एक छोटी गंमत, तेवढंच. सुरुवातीच्या भागांत तोच जीव होता, गोष्ट बॉलने फुटलेल्या काचेएवढी. आता एकच गैरसमज पंधरा दिवस ताणतात, प्रत्येकाच्या तोंडावर कॅमेरा तीनतीनदा, ढॅण ढॅण ढॅण. आमच्या बिल्डिंगमध्ये टाकी साफ करायचे पैसे कोणी द्यायचे यावर गेला महिनाभर भांडण चालूये, त्यात बघा केवढा मसाला आहे! लेखकांना पाठवा इकडे.

ऐरोलीकर:
जेठालालच्या दुकानातले नट्टूकाका पगारवाढीचा विषय काढायचे आणि शेठजी टोलवायचे, बस, तो सीन मी कितीही वेळा बघेन. मीही दुकानातच कामाला आहे ना 😄 2021 ला नट्टूकाका करणारे घनश्याम नायक गेले तेव्हा आमच्या शेठनेच सकाळी फोन करून सांगितलं.

पाचपाखाडीकर:
बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. चष्मा काढून पुसला आणि विचारतात काय, 'त्या कोपरखैरणेवाल्यांची टाकी झाली का साफ?'