मदत हवी आहे: एक-बिट एडीसी, ६४ अँटेना आणि −३१ अंशांवरचं भूत

नमस्कार. सोलापुरात एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पूर्व भागात घर, शेजारी यंत्रमाग, त्यामुळे काम रात्रीच होतं. विभागात या विषयातलं कोणी नाही, म्हणून इथे विचारतोय.

रेडिओ सिग्नल कोणत्या दिशेने येतोय ते शोधायचंय. ६४ अँटेनांची सरळ रांग, मधलं अंतर अर्धी तरंगलांबी. प्रत्येकीला दोन कन्व्हर्टर (एडीसी, सिग्नलचे आकडे करणारे; एक रिअल भागाला, एक इमॅजिनरीला), म्हणजे १२८. आठ बिटांच्या एका फ्लॅश कन्व्हर्टरला २५५ कम्परेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी सर्किटं) लागतात, एक-बिटाला एकच पुरतो. म्हणून मी फक्त चिन्ह ठेवतो, धन की ऋण. सिग्नल किती मोठा होता ते कायमचं गेलं, तरी दिशा सापडते! पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिलं तेव्हा मी हरखून गेलो होतो.

सिम्युलेशनमध्ये एकच स्रोत १० अंशांवर ठेवला, दर स्नॅपशॉटला (सगळ्या अँटेनांचं एका क्षणाचं मोजमाप) फेज वेगळा. कोव्हेरिअन्स मॅट्रिक्स (कुठल्या दोन अँटेनांचे सिग्नल किती जुळतात त्याचा तक्ता) काढून साधं बीमफॉर्मिंग केलं, म्हणजे प्रत्येक दिशेने किती ताकद येते ते पाहिलं. एसएनआर (नॉइजच्या तुलनेत सिग्नलची ताकद) −५ डेसिबेल असताना पीक एकच. ३० केला की −३१ अंशांजवळ दुसरं उगवतं, साडेनऊ डेसिबेल खाली, आणि ६० जवळ आणखी एक लहान. आठ बिट घेतले की दोन्ही गायब. नॉइज कमी केल्यावर उत्तर बिघडतं कसं? कोड तीनदा तपासलाय.

प्रतिसाद:
कोड बरोबर आहे. चिन्ह घेतलं की साइन लाटेची चौरस लाट होते, आणि तिच्यात तिसरा नि पाचवा हार्मोनिक (मूळ लाटेच्या तिप्पट नि पाचपट वेगाची लाट) येतोच, एक तृतीयांश आणि एक पंचमांश उंचीचा. रिअल आणि इमॅजिनरी भागांचं चिन्ह वेगवेगळं घेतल्यामुळे तिसरा उलट्या दिशेने पडतो. १० अंशांचा साइन ०.१७४. त्याला −३ ने गुणा: −३१ अंश. ५ ने गुणा: ६० अंश. नॉइज भरपूर असतो तेव्हा तो हे हार्मोनिक विरघळवतो.

व्हॅन व्लेक यांचा आर्कसाइन नियम (फक्त चिन्ह ठेवल्यावर दोन सिग्नलमधला संबंध कसा बदलतो ते सांगणारा) उलटा लावा. मॅट्रिक्सच्या कर्णावर १ येईल असं करून घ्या, मग प्रत्येक घटकाच्या रिअल भागाला ९० अंशांनी गुणून साइन घ्या, इमॅजिनरीचं तसंच पण वेगळं. स्नॅपशॉट कमी असतील तर मॅट्रिक्सच्या काही आयगेनव्हॅल्यू ऋण येतील, ज्या खऱ्या कोव्हेरिअन्समध्ये कधीच नसतात, तिकडे लक्ष असू द्या.

मूळ लेखक:
आत्ताच करून पाहिलं, −३१ आणि ६० दोन्ही सपाट झाले! मनापासून आभार. आता १४ अंशांवर वीस डेसिबेलने क्षीण दुसरा स्रोत ठेवलाय, तो दिसतच नाही. काही अँटेनांना तीन-चार बिट दिले तर उपयोग होईल का? कोणी करून पाहिलंय?