शेडमध्ये आधी काय: दिवे बदलायचे की कॉम्प्रेसरच्या हवेची गळती काढायची?

उजेडवाला: कोल्हापूरची शिरोली असो की गोकुळ शिरगाव, अजून कितीतरी मशिनशॉपमध्ये ४०० वॉटचे जुने मेटल हॅलाइड दिवे लटकताहेत. चोक धरून एकेक दिवा ४४० वॉट ओढतो. त्या जागी १५० वॉटचा चांगला एलईडी हायबे (उंच छताचा दिवा) पुरतो. २० दिवे, दोन पाळ्यांचे १६ तास, वर्षाला ३०० दिवस: २७,८४० युनिट वाचले. युनिट ९ रुपयांनी धरा, अडीच लाख झाले. दिवा बसवून ७,००० ला पडला तरी सात महिन्यांत वसूल. सगळे एकदम काढा. टप्प्याटप्प्यानं केलं की अर्धी शेड हिरवट, अर्धी पांढरी.

भट्टीवाला: हिशेब बरोबर, क्रम चुकला. महिन्याला ५०० टन ओतणारी फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) घ्या. टनाला ६०० युनिट नुसत्या वितळवण्याला, म्हणजे महिन्याला ३ लाख युनिट. तुमचे दिवे महिन्याला वाचवणार २,३२०. एक टक्का पण नाही राव! ७ बार दाबाच्या हवेच्या लाइनीला ३ मिमीचं एक भोक असलं की कॉम्प्रेसरवर साडेतीन-चार किलोवॉटचा बोजा. जेवणाच्या सुट्टीत मशिनी थांबल्या की लाइनीच्या कडेनं चालत जा, फुस्स आवाज कुठून येतोय ते कळेल. क्लॅम्प आवळायला कोटेशन मागवावं लागत नाही.

उजेडवाला: गळती काढताना दिवे आडवे येतात काय? आणि तपासणीच्या टेबलावर ब्लोहोल (ओतकामातलं हवेचं भोक) दिसला नाही, तर परत आलेल्या कास्टिंगचं भाडं कुठल्या टक्क्यात धरायचं?

पाना-पक्कड: भांडा निवांत, पण ‘जुना काढला, नवा टांगला’ करू नका. आधी लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र) कामाच्या उंचीवर धरा, जमिनीवर नव्हे. अंधार पडल्यावर, आणि मेटल हॅलाइड लावून वीस मिनिटं झाल्यावर. नऊ मीटर उंचीवर १२० अंशांत उजेड फेकणारा दिवा लावला की उजेड भिंतीवर आणि रॅकच्या डोक्यावर पडतो. तिथं ६० अंशांची लेन्स घ्या.

दिवे जळतात ते बहुतेक न्यूट्रलपायी. तारा पिळून वर टेप गुंडाळलेली असते, जोड तापतो, सुटतो, आणि २३० च्या जागी चारशेच्या घरात व्होल्टेज जातं. एका दणक्यात डझनभर ड्रायव्हर (एलईडीला वीज देणारी सर्किटं) खलास, मग शिव्या कंपनीला. लग (तारेच्या टोकाचा धातूचा तुकडा) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. ॲल्युमिनियमची केबल तांब्याला जोडताना बायमेटॅलिक (दोन्ही धातूंचा) लगच वापरा. डीबीत (वितरण पेटीत) एसपीडी, म्हणजे व्होल्टेजचा दणका अडवणारा, हवाच, पण अर्थिंग धड नसेल तर तो शोभेचा.

ऑफिसातल्या पट्टीत एलईडी ट्यूब घालताना जुना चोक आणि स्टार्टर वायरिंगमधून बाहेर काढा. चोक आत राहिला तर तो वीज खातच राहतो. आणि ट्यूबला सप्लाय एका टोकानं आहे की दोन्ही, ते वाचूनच जोडा, नाहीतर शॉर्ट.

चकफिरकी: लेथवाल्यांनी आणखी एक बघावं. स्वस्त ड्रायव्हरचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. चकचा (काम धरून फिरवणाऱ्या भागाचा) वेग त्याच्याशी जुळला की फिरता चक थांबल्यासारखा दिसतो. हात गेला की गेला. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दिव्याचं शूटिंग करा, लपलप दिसली तर तो माल परत. शेजारशेजारचे दिवे तीन फेजवर वाटून द्या.

पत्रावाला: दिवसाच्या पाळीला दिवे लागतातच कशाला? छपराच्या पाच-सात टक्के जागेत पॉलीकार्बोनेट पत्रे टाका. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं १७ वं कलम खिडक्या आणि छपराच्या काचा आतूनबाहेरून स्वच्छ ठेवा म्हणायचं (तो कायदा २०२५ पर्यंत होता). आपल्याकडं त्यावर काजळीचा थर.

पाना-पक्कड: आणि जून ते सप्टेंबर कोल्हापुरात ऊन कुठनं आणणार? पत्रे जरूर टाका, पण दिव्यांच्या ओळी पत्र्यांना समांतर ठेवून प्रत्येक ओळीला वेगळा स्विच द्या. एका एमसीबी स्विचवर अख्खी शेड असली की भर उन्हातही सगळे दिवे चालू राहतात.

भट्टीवाला: तपासणीच्या टेबलाचं मान्य. तिथं आजच बदला. पण भट्टीवरचे सहा दिवे नाही. वरच्या धगीत ड्रायव्हरचे कपॅसिटर सुकतात. दर १० अंशांना आयुष्य निम्मं.

उजेडवाला: मग ड्रायव्हर दिव्यात नको, खांबावर हाताला येईल अशा उंचीवर, झाकणाच्या पेटीत. वर फक्त एलईडी आणि उष्णता सोसणारी सिलिकॉन केबल. लांबीनं व्होल्टेज पडतं, म्हणून केबलची जाडी ड्रायव्हरवाल्याला विचारून घ्या.

भट्टीवाला: तसे दोन लावा. पावसाळा काढला तर उरलेल्या चारांचं बोलू.