नवीन डॉक्टरांशी आम्ही काउंटरवाल्यांनी कसं जमवायचं?

खानापूर_काउंटर: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात एका खासगी दवाखान्यात केसपेपर, बिलं, फोन सगळं मी बघते. आता दावणगेरेहून नवीन डॉक्टर आलेत. हुशार आहेत, पेशंटला हात लावून नीट तपासतात. पण भाषा कन्नड नाहीतर इंग्लिश. जांबोटी, कणकुंबीकडच्या म्हाताऱ्या "पोटात कळ मारतीया" म्हणतात, ते त्यांना कळत नाही. एकेकीला अर्धा तास जातो, मग परतीची बस चुकणारे माझ्यावर ओरडतात. काय करू?

निपाणीची_सिस्टर: ओपीडीआधी दहा मिनिटं मागून घ्या अक्का. लांबून आलेल्यांच्या केसपेपरवर पेन्सिलीनं बसची वेळ लिहा, डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. भाषेसाठी आत एखादी सिस्टर असू दे, घरचं माणूस नको. सून शेजारी असली की सासू लघवीचा त्रास सांगतच नाही. आणि डॉक्टरांचं काही चुकतंय वाटलं तर पेशंटसमोर बोलू नका, चिठ्ठी पाठवा.

येळ्ळूर_लॅब: योजनांचंही सांगा त्यांना. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना दिली, कर्नाटकची आयुष्मान-आरोग्य कर्नाटक वेगळी. पेशंट आतच कार्ड दाखवून विचारतो, बाहेरून आलेल्या डॉक्टरांना हे कुठनं ठाऊक? "काउंटरवर विचारा" एवढं मराठीत शिकवा आधी.

खानापूर_काउंटर: बसच्या वेळा उद्यापासूनच लिहिते. सिस्टर आत द्यायची तर मोठ्या डॉक्टरांना विचारावं लागेल, दुपारी गाठते त्यांना.