अनुभव धागा: प्रॉडक्ट बनवायच्या आधी कल्पना कशी तपासलीत?

नोकरी सांभाळून स्वतःचं काही सुरू करू पाहणारे बरेच जण थेट ॲप करायला घेतात आणि गिऱ्हाइकाला सगळ्यात शेवटी भेटतात. विचारलं तर ओळखीचे सगळेच ‘मस्त आहे, कर की’ म्हणतात. माझ्या मते त्या कौतुकावर जाऊ नये. समोरच्याने पैसे काढले, वेळ दिला किंवा सध्या स्वतःच्या नोंदी ठेवतो ती जुनी वही दाखवली, तर काही कळतं. ऑनलाइन बूट विकणाऱ्या झॅपोस या अमेरिकन कंपनीच्या निक स्विनमर्न यांनी १९९९ मध्ये दुकानातल्या बुटांचे फोटो साइटवर टाकले. ऑर्डर आली की त्याच दुकानातून घेऊन पाठवायचे. पायात घालून न बघता लोक बूट घेतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं. तुम्ही काय केलंत? सविस्तर लिहा.

निफाड, द्राक्ष बागायतदार
युरोपला माल द्यायचा तर फवारणीची नोंद लागते, रेसिड्यू तपासणी होते, म्हणजे द्राक्षात औषधाचा अंश उरलाय का ते बघतात. त्यासाठी ॲप काढायचं डोक्यात होतं. आधी नुसता व्हॉट्सॲप ग्रुप केला: संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो टाका, तक्ता मी भरतो. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत हे चालवलं. वह्यांमध्ये औषधाचं नाव ब्रँडने लिहिलेलं, आतला घटक कुठेच नाही. टाकीला किती टाकलं ते मात्र नेमकं. काही पानांना कृषी सेवा केंद्राचं बिल टाचलेलं. आणि फोटोखाली फिरून फिरून एकच प्रश्न: ‘आता हे मारलं तर काढणीला अडचण येईल का?’ नोंद ठेवणं हा त्यांच्यासाठी सोपस्कार होता. कुठल्या औषधानंतर काढणीला किती दिवस थांबायचं, हे मारायच्या आधी सांगणारं कुणीतरी हवं होतं. पुढच्या छाटणीला तेवढंच देऊ केलं, एकरी वर्गणी आगाऊ. निर्यातवाल्यांनी लगेच दिली. लोकल मार्केटला देणारे ‘बघू पुढं’ म्हणाले. ज्याचा कंटेनर अडकू शकतो तेच आमचं गिऱ्हाईक, हे तिथेच ठरलं.

डोंबिवली
परदेशातल्या मुलांना दिवाळीचा फराळ पाठवायचा विचार होता. गुगल फॉर्म भराभर भरले गेले. मग क्यूआर कोड टाकून निम्मे पैसे आगाऊ मागितले, आणि यादी आटली. उरलेल्यांना चव चालणार होती. पार्सल दिवाळीच्या आत पोचेल का, हीच काळजी. म्हणून जास्तीच्या बायका कामाला घेण्याआधी कुरिअरवाल्याशी बोलणी केली.

पुणे, वैद्यकीय उपकरणं
आमच्याकडे आगाऊ पैसे मागून भागत नाही. रुग्णावर वापरायचं म्हटलं की एथिक्स कमिटी (रुग्णांवरच्या चाचणीला मंजुरी देणारी समिती) आली, परवाने आले. पण त्याआधीही पुष्कळ कळतं. थ्रीडी प्रिंटरवर उपकरणाचं नुसतं खोकं काढलं, आत काही नाही, आणि वॉर्डातल्या सिस्टरांच्या हातात दिलं. एका हातात ट्रे, दुसऱ्यात आमचं खोकं. ग्लोव्हज घातलेला अंगठा बटणापर्यंत पोचेना. चार्जिंगचं विचारलं तर सिस्टरांनी पलंगामागचा बोर्ड दाखवला: मॉनिटर आणि पंपांनी सगळे प्लग भरलेले. सर्किटला हात लावायच्या आधी बॅटरी बदलता येईल असं डिझाइन केलं. सरकारी खात्यात पायलट, म्हणजे छोट्या प्रमाणावर वापरून बघणं, करायचा असेल तर राज्य सरकारचा महाराष्ट्र स्टार्टअप वीक बघा. निवड झालेल्यांना कार्यादेश (वर्क ऑर्डर) मिळतो.

चाकण
रेडबसचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. २००५ च्या दिवाळीत फणींद्र समा यांना बेंगळुरूहून हैदराबादला जायला बसचं तिकीट मिळालं नाही. आधी त्यांनी बसमालकांसाठी सॉफ्टवेअर केलं. मालकांना त्यात रस नव्हता. मग २००६ पासून थेट प्रवाशांना तिकिटं विकायला लागले. मी परतीला रिकाम्या जाणाऱ्या टेम्पोंना माल मिळवून देण्यावर काम करतोय. टेम्पोवाले एका पायावर तयार आहेत, त्यांचं जातंय काय? माल पाठवणारे मात्र ठरलेला ट्रान्सपोर्टवाला सोडत नाहीत, कारण तो महिनाभराची उधारी देतो. सध्या फोनवरच गाठी घालून देतोय आणि दोघांकडून थोडं कमिशन मागून बघतोय. दोन बाजूंचा धंदा केलेल्यांनी सांगा, उधारीचा हा प्रश्न आधी सोडवलात की गिऱ्हाईक जमल्यावर?