दहा पानांच्या वर मजकूर असेल तर शीर्षकाला बोल्डचं बटण लावूच नये

बोरूबहाद्दर:
प्रबंध, संस्थांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका असल्या मराठी फायली छपाईआधी माझ्या नजरेखालून जातात. फाइल उघडली की मी आधी कंट्रोल-शिफ्ट-८ दाबतो. वर्ड लपवून ठेवलेली चिन्हं दाखवायला लागतं आणि सगळं बिंग फुटतं. नवं प्रकरण नव्या पानावर जावं म्हणून एंटरची रांग. पहिली ओळ आत सरकवायला इथे स्पेसबारचे सात ठिपके, खालच्या परिच्छेदाला पाच. अनुक्रमणिका हाताने टाइप केलेली, मध्ये टिंबांची माळ. मार्गदर्शकांनी दुसऱ्या प्रकरणात दोन ओळी वाढवायला सांगितल्या की तिसरं प्रकरण पानाच्या मधोमध सुरू होतं आणि अनुक्रमणिकेतले पान क्रमांक खोटे ठरतात.

यावर स्टाइल्स, म्हणजे शीर्षक, उपशीर्षक, मजकूर अशी नावं देऊन प्रत्येकाचं रूप एकदाच ठरवायची सोय, हा उपाय वर्डमध्ये कित्येक वर्षं पडून आहे. प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल-ऑल्ट-१ दाबलं की 'हेडिंग १' ही स्टाइल लागते, उपशीर्षकाला कंट्रोल-ऑल्ट-२ने 'हेडिंग २'. मग 'हेडिंग १'वर राइट क्लिक, मॉडिफाय, आणि परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'पेज ब्रेक बिफोर'वर खूण. अनुक्रमणिका 'रेफरन्सेस'मधून घालायची, बदल झाला की एफ-९. लिबरऑफिसमध्येही हीच सोय आहे. विद्यापीठं समास किती आणि ओळींतलं अंतर किती हे लिहून देतातच. त्यात 'स्टाइल्स नसतील तर प्रबंध परत' एवढं एक कलम घालावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणाचं वेगळं असेल तर मांडा.

खिळेजुळारी:
बोरूशेठ, प्रबंधाचं तुम्ही बघा. मी पुस्तकं आणि दिवाळी अंक लावतो आणि माझा अनुभव बरोबर उलटा. लेखकाच्या स्टाइल्स पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये आल्या की त्यांच्या निळ्या शीर्षकांपासून ते वेबवरून चिकटवलेल्या 'नॉर्मल वेब'पर्यंत सगळं बिऱ्हाड सोबत येतं. ते निस्तरण्यात अर्धा दिवस जातो. मला साधा मजकूर द्या. शीर्षक कुठलं ते चौकटी कंसात लिहा, बाकी माझं मी बघतो. लेखकाने सजावट करूच नये.

बोरूबहाद्दर:
खिळेजुळारी, इनडिझाइनमध्ये वर्डची फाइल 'प्लेस' करताना 'शो इम्पोर्ट ऑप्शन्स'वर खूण करून बघा. तिथे स्टाइल मॅपिंग आहे. वर्डचं 'हेडिंग १' तुमच्या 'प्रकरणनाम'ला जोडा, 'हेडिंग २' तुमच्या उपशीर्षकाला. वर्डमध्ये ते निळं होतं की हिरवं, काही फरक पडत नाही. आणि स्टाइल म्हणजे सजावट नव्हेच. 'हे शीर्षक आहे' असं सांगणं म्हणजे स्टाइल, म्हणजे तुमचा तो चौकटी कंसच.

खिळेजुळारी:
मॅपिंग माहीत आहे हो! पण लेखकाने सगळीकडे शिस्तीने स्टाइल लावलेली असेल तरच ते चालतं. पहिल्या तीन प्रकरणांना 'हेडिंग १', चौथ्याला 'हेडिंग ३' कारण 'आकार बरा दिसला', पाचव्याला नुसतंच बोल्ड. अशी अर्धवट फाइल कोऱ्या फाइलपेक्षा वाईट. कोऱ्या फाइलवर निदान भरवसा ठेवता येतो.

आवकजावक:
आमच्याकडे पत्र एक पानी. प्रति, विषय, संदर्भ, महोदय, आपला विश्वासू. साहेब म्हणाले 'सही जरा खाली घ्या', मारला एंटर, काढली प्रिंट, नस्ती पुढे. उद्या स्टाइल्सची सक्ती केलीत तर त्यावर आधी प्रशिक्षण, मग चहा-बिस्किटं, आणि पत्र पुन्हा एंटर मारूनच जाणार. दहा पानांची मर्यादा घातलीत म्हणून माफ.

कानामात्रा:
तुम्ही दोघं स्टाइल्सवर भांडताय, पण मराठी माणूस स्टाइल्स का सोडून देतो ते कोणी बोलत नाहीये. त्याने लावून बघितलेल्या असतात, त्या चालत नाहीत! कारण वर्डच्या हिशेबी देवनागरी ही 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट', म्हणजे लॅटिनपेक्षा वेगळ्या खात्यातली गुंतागुंतीची लिपी. फाँटच्या डायलॉगमध्ये लॅटिनचा फाँट आणि आकार वेगळा, देवनागरीचा वेगळा, ठळकपणासुद्धा वेगळा. स्टाइलमध्ये माणूस वरच्या चौकटीत १६ करतो, रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे मोठे होतात, मराठी मजकूर तसाच. मग तो वैतागून मजकूर निवडतो आणि हाताने मोठा करतो. वर्डची डॉक्सएक्स फाइल आतून उघडून बघा, 'एसझेड' आणि 'एसझेडसीएस' असे दोन वेगळे आकार नोंदलेले दिसतील. 'मॉडिफाय'मधून फॉरमॅट, मग फाँट, आणि तिथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'च्या चौकटीतही फाँट आणि आकार भरायचा. एकाच ओळीत '२०२४' बारीक आणि '2024' जाडजूड दिसतो तो याच भानगडीमुळे.

आणखी एक. ओळींतलं अंतर 'एक्झॅक्टली' ठेवू नका. इंग्रजीला खपतं, पण मराठीत वरच्या रफार-वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. 'मल्टिपल' किंवा 'ॲट लीस्ट' ठेवा. मंगल फाँट मुळात ओळीला भरपूर जागा घेतो, त्यामुळे पानं कमी करायला लोक 'एक्झॅक्टली'कडे वळतात. त्यापेक्षा फाँट बदला. कोकिळा आहे, मुक्ता फुकट मिळतो.

खिळेजुळारी:
कानामात्रा, हे मात्र पटलं. म्हणून तर मी अजून श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर सोडलं नाही. जो आकार दिला तोच दिसतो, जोडाक्षरं देखणी, दोन-दोन चौकटींचा ताप नाही.

श्रवणभक्त:
खिळेजुळारी, मी दृष्टिहीन आहे आणि एनव्हीडीए या पडदावाचकावर वाचतो. जुन्या श्रीलिपीच्या फाइलमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. मला ऐकू येते नुसती खिचडी. त्या फाइलमध्ये शोधाशोधही होत नाही. तेव्हा देखणेपणाचा मुद्दा माझ्यापुरता बाद. स्टाइल्सचं म्हणाल तर युनिकोड फाइलमध्ये, म्हणजे जिच्या आतही खरी मराठी अक्षरंच साठवलेली असतात तिच्यात, खरी हेडिंग असली की ब्राउझ मोडमध्ये एच दाबत मी प्रकरणावरून प्रकरणावर जातो. नुसतं बोल्ड केलेलं शीर्षक मला शीर्षक म्हणून कळतच नाही, मग चारशे पानं पहिल्या ओळीपासून ऐकत बसा. पीडीएफ काढतानाही या हेडिंगांवरूनच बुकमार्क तयार होतात. तुमचा चौकटी कंस छापील पुस्तकात पुसला जातो, माझ्या हाती काय राहतं?

आवकजावक:
श्रवणभक्त, आमची परिपत्रकं तर स्कॅन करून चढवतात. फोटोच तो. तिथे स्टाइल कुठली नि फाँट कुठला.

बोरूबहाद्दर:
आवकजावक, मूळ वर्ड फाइल तुमच्याच संगणकावर असते ना? तिचीच पीडीएफ काढून सहीच्या प्रतीसोबत चढवायला काय जातं?

आवकजावक:
साहेबांना विचारून सांगतो.

खिळेजुळारी:
श्रवणभक्त, तुमच्यासाठी ई-आवृत्तीची फाइल युनिकोडमध्ये आणि हेडिंगांसह वेगळी काढत जाईन, ते काम माझं. पण लेखकांवर भरवसा ठेवणार नाही. यंदाच्या अंकासाठी तीनच स्टाइल्सचं टेम्प्लेट पाठवतोय: शीर्षक, उपशीर्षक, मजकूर. कानामात्रांनी सांगितलेला कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा आकार त्यात आधीच भरलेला असेल. त्यात कोणी टेक्स्ट बॉक्स टाकला किंवा कविता मध्यावर आणायला स्पेसबार बडवला तर लेख परत, मग कवी कितीही ज्येष्ठ असो.

कानामात्रा:
ते टेम्प्लेट इथेही टाका. आणि लिबरऑफिसमध्ये एकदा उघडून बघा, तिथे 'सीटीएल'चा, म्हणजे याच कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा, फाँट वेगळा दाखवतात.